भाई तलाव पार करणार!

साहेबांनी माइकवर ही घोषणा सुरू केली तेव्हा भाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, त्यामुळे सुरुवातीचं त्यांच्या कानावर पडलंच नाही.

"...या काठापासून थेट त्या काठापर्यंत! पोहत!" साहेब म्हणत होते. मग त्यांनी मुद्दाम दम खाल्ला आणि सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. "आणि हे करणार कोण? तर आपले पेंटिंगचे भाई!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भाई दचकून सरळ झाले. नाडी लोंबतच राहिली. शेजारच्याने त्यांच्या पाठीत सणसणीत थाप मारली. "छुपे रुस्तम निघालात हो!" पुढच्या रांगेतले मान वळवून बघत होते, त्यांच्या पुढचे तर उभेच राहिले होते. ही माणसं आपल्यामागच्या कुणाकडे तरी बघतायत असं वाटून भाईंनीही मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

तो लोखंडी कपाटांचा कारखाना होता. भाई ऐन तारुण्यात तिथं लागले आणि पन्नाशीला टेकले तरी पेंटिंग खात्यातच होते, आता प्रमुख म्हणून. त्यांना सगळे भाईच म्हणत. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. त्या वर्षी ऑफिसात एक नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं होतं, "तुमचं स्वतःचं ध्येय काय? नोकरी सोडून बोला. मनापासून करावंसं वाटतं असं काहीतरी असेल ना?" भाईंनी डोकं खाजवलं होतं. "ध्येय न बियेय कसलं आलंय मॅडम. चाललंय ते बरं चाललंय." मॅडमनी पुन्हा विचारलं, भाईंनी पुन्हा तेच सांगितलं आणि चहा पिऊन ते आपल्या खात्यात परत आले. आणि आज वार्षिक स्नेहसंमेलनात, सगळ्यांच्या बायकापोरांसमोर, हे.

भाईंचा आणि पाण्याचा संबंध अंघोळीच्या बादलीपुरता होता. गुडघ्याच्या वर पाणी चढलं की ते मागे फिरायचे. शहराबाहेरचा तो तलाव तर एवढा मोठा की पलीकडच्या काठावरची माणसं मुंगीएवढी दिसायची. दर वर्षी तो पोहून पार करण्याचा कार्यक्रम व्हायचा, आणि भाई दर वर्षी त्याची बातमी चहाबरोबर वाचून पान उलटायचे.

तिथल्या तिथं उठून "साहेब, काहीतरी घोटाळा झालाय" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. भाई उठलेही. तोंड उघडलं, पण दातखीळ बसल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात त्यांची नजर बाजूच्या रांगेत बसलेल्या मुलीवर गेली. कॉलेजात नुकतीच जाऊ लागलेली ती मुलगी, गेली दोन वर्षं बापाशी "हो", "नाही" आणि "बघते" या तीन शब्दांवर भागवत होती. ती आता हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. तिचे डोळे चमकत होते. भाईंकडे बघून तिचे डोळे असे चमकले होते ते ती रांगत असताना.

भाईंनी हात जोडले आणि ते खाली बसले. लोकांना तो विनय वाटला.

बाहेर पडल्यावर बायकोने त्यांना गेटपाशीच गाठलं. "अहो, हे काय ऐकतेय मी?"

"तेच. ऐकलंस ते."

"तुम्ही? तलाव? अहो, घरात नळ जोरात सुटला तर तुम्ही उडी मारून बाजूला होता!"

"आता शिकेन."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत? जगाला सांगितलंत, त्या परक्या मॅडमला सांगितलंत, आणि मी?"

"सांगणारच होतो," भाई म्हणाले. त्यांच्याच कानांना ते खोटं वाजलं. बायकोने त्या दिवसापासून कामापुरतंच बोलायचं धरलं, आणि ती अशी गप्प बसली की भाईंचं धाबं दणाणायचं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून तरणतलावाचा वर्षाचा पास हातात ठेवला. कंपनीतर्फे, सप्रेम. सुटकेचा शेवटचा दरवाजाही बंद झाला. मॅडमना गाठून सोक्षमोक्ष लावावा म्हटलं, तर त्या स्नेहसंमेलनाआधीच आजारी पडल्या होत्या आणि पुढे नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेल्या. एक गोष्ट मात्र भाईंच्या डोक्यात चुकूनही आली नाही. हे ध्येय त्यांचं नव्हतं, तर मग ते कुणाचं तरी असणार!

झालं, भाई पोहायला जाऊ लागले. तरणतलावाचे मास्तर आडदांड, पण मनाने गरीब. त्यांनी भाईंना पहिलीदुसरीतल्या पोरांच्या टोळक्यात उभं केलं आणि हातात एक निळी फळी दिली. "नाकाने श्वास घ्यायचा नाही. तोंडाने घ्या, पाण्यात सोडा. सोपंय." पहिल्याच बुडीत भाईंनी नाकाने श्वास घेतला. डोळे पांढरे झाले, मेंदूपर्यंत झिणझिण्या गेल्या. कठड्याला धरून ते इतके खोकले की पोरं फळ्या सोडून बघायला आली. "आजोबा रडतायत," एक पोरगी म्हणाली.

"आजोबा नाही, काका," भाई खोकत खोकत म्हणाले.

महिने गेले. भाई रोज पहाटे उठत, पिशवी घेऊन निघत आणि परत येताना एका चहाच्या टपरीवर बसून थरथर थांबायची वाट बघत. त्यांना आता हातपाय मारत रुंदीची एक फेरी करता येत होती. उथळ बाजूला. पाय टेकता येतील याची खात्री असेल तर. कारखान्यात कुणी विचारलं, "काय मासे, कसं काय?" की ते म्हणत, "जोरात!" घरी मुलगी जेवताना विचारायची, "बाबा, आज किती?" आणि भाई एकाच्या चार फेऱ्या करून सांगायचे. त्या तिच्या प्रश्नासाठी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचे. पाणी मात्र त्यांना एक दिवसही आवडलं नाही. काही गोष्टी करत राहिलं की आवडू लागतात म्हणतात, ही त्यातली नव्हती.

तिथंच एक दिवस त्यांना बाई दिसल्या.

बाई म्हणजे पॅकिंग खात्याच्या बाई. तयार कपाटांना पुठ्ठे लावून पट्ट्या आवळायचं काम करणाऱ्या बायकांच्या प्रमुख. वयाने भाईंच्याच आसपासच्या, हाडापेराने मजबूत, आणि बोलण्यात इतक्या काटकसरी की त्यांच्या खात्यात खुणेवर काम चाले. भाईंनी रंगवलेलं प्रत्येक कपाट वर्षानुवर्षं बाईंच्या हाताखालून जात होतं, पण दोघांत "रंग वाळलाय ना?" "वाळलाय" यापलीकडे संभाषण झालं नसेल. त्या दिवशी अगदी कडेच्या पट्ट्यात कुणीतरी पाणी न उडवता, आवाज न करता या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतं, वळत होतं, पुन्हा जात होतं. टोपी काढून ते डोकं वर आलं आणि भाई फळी धरून उभ्या उभ्या आ वासून बघतच राहिले.

"बाई? तुम्ही?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि टॉवेल घेऊन निघून गेल्या. पुढेही रोज तेच. एक शब्द नाही. भाईंना वाटलं, पोहता येतं म्हणून एवढी मिजास!

मग तो रविवार उजाडला. मुलगी म्हणाली, "बाबा, आज मी येते बघायला." भाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नको म्हणायला काही कारण सुचेना. ती आली, कठड्यापाशी पाय सोडून बसली आणि म्हणाली, "तिकडून ये ना पोहत, खोल बाजूने." तिने सहज म्हटलं होतं. जो माणूस तलाव पार करणार, त्याला ही खोल बाजू म्हणजे काय!

भाई खोल बाजूला गेले. शिडीवरून उतरले. शिडी सोडली. चार हात बरे गेले. मग त्यांनी सवयीने पाय खाली टेकवायला घेतले आणि खाली काहीच नव्हतं.

पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वर डोळ्यांना झोंबणारा उजेड, कानात घूं घूं, आणि आपलेच हात आपल्याला खाली ढकलतायत असं काहीतरी. मग मागून कुणीतरी हनुवटीखाली हात घातला. कठड्याची फरशी पाठीला लागली. भाई पालथे होऊन पाणी ओकत होते आणि मुलगी "बाबा, बाबा" करत रडत होती.

"तो ठीक आहे. त्याला जरा बसू दे," बाई मुलीला म्हणाल्या. त्या घाईत त्यांनी भाईंना एकेरी करून टाकलं होतं. मग त्या स्वतःही शेजारी टेकल्या. केसांतून पाणी गळत होतं.

"भाई," बाई शेवटी म्हणाल्या, "तो तलाव माझा होता."

भाईंना वाटलं, कानात पाणी राहिलंय. "काय?"

"मॅडमना मी सांगितलं होतं. तलाव पोहून पार करायचाय. कितीतरी वर्षांपासून मनात होतं, कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. त्या दिवशी साहेब म्हणाले, या काठापासून त्या काठापर्यंत, तशी मी खुर्चीतून उठले. अर्धी उठले होते. मग तुमचं नाव आलं."

भाईंच्या अंगावर काटा आला. ओल्या अंगावर, भर उन्हात.

"मग... मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"वाटलं, तुमचंही तेच असेल. तलावावर काय माझं एकटीचं नाव कोरलंय? दोघांना एकच गोष्ट हवी असू शकते. तुम्ही तर हातही जोडलेत सगळ्यांना." बाईंनी टोपी पिळली. "मग तुम्हाला इथं पाहिलं. पहिल्याच दिवशी कळलं, हे याचं नव्हे. तुम्ही पाण्याकडे असं बघत होतात जसं लोक दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीकडे बघतात."

"तेव्हा तरी सांगायचंत!"

"सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण राग आला होता मला. म्हटलं, घे. घेतलायस ना माझा तलाव, आता पी त्याचं पाणी." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "आज मात्र खरंच पीत होतात. ते नाही बघवलं."

भाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मुलीकडे बघायचं टाळलं, पण ती समोरच होती आणि तिने शब्दन् शब्द ऐकला होता. ती संतापेल, नाहीतर हसेल, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला हे नकोच होतं?"

भाईंनी मान हलवली.

"आणि तरी रोज आलास? इतके महिने?"

"तू त्या दिवशी टाळ्या वाजवत होतीस," भाई म्हणाले. घसा अजून खरखरत होता. "तशी तू माझ्याकडे कधी..."

मुलगी थक्क होऊन बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी पोहण्यासाठी नव्हत्या वाजवल्या रे. तुला काहीतरी हवंय असं मला पहिल्यांदाच कळलं होतं. मला वाटायचं, तुला काही हवंच नसतं. कशाचंच काही नाही. घरात सगळे म्हणतात भाईंना काय, काहीही चालतं." तिने डोळे पुसले. "मग आता सांग ना. काय हवंय तुला?"

भाईंनी उत्तर शोधलं. खरोखर शोधलं, खिशात किल्ली चाचपावी तसं. आणि आत काहीच हाताला लागेना, तेव्हा ते जे हबकले, ते मघाच्या बुडण्यापेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाई कॅन्टीनमधल्या बाकावर चढले. आयुष्यात असं काही त्यांनी केलं नव्हतं. "ऐका," ते म्हणाले, "मी तलाव पार करणार नाही. मला पोहता येत नाही. माझं तसं काही नव्हतंच. ते ध्येय पॅकिंगच्या बाईंचं होतं. चुकून माझ्या नावावर आलं आणि मी ते परत दिलं नाही." हातातले घास हातात राहिले. कोपऱ्यात साहेब डबा उघडून बसले होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अरे देवा," साहेब पुटपुटले. "मॅडमनी फोनवरून सांगितलं होतं मला. मी पत्रा दाबायच्या प्रेसच्या शेजारी उभा, ती धडाधड चालू... पॅकिंगच्या बाई... पेंटिंगचे भाई..." त्यांनी कपाळावर हात मारला. "बाई! भाई!"

सगळ्या कॅन्टीनमध्ये असं हसू फुटलं की भांडी वाजली. भाई बाकावरून उतरले. बाई मात्र हसत नव्हत्या. हात धुवायच्या नळापाशी त्यांनी भाईंना गाठलं.

"हे कुणी सांगितलं होतं करायला? आता हे सगळे माझ्याकडे बघत बसतील. माझं मी सांगितलं असतं."

"चुकलंच," भाई म्हणाले. एक चूक निस्तरताना दुसरी करून बसलो हे त्यांना पटलं. "आता काय करू सांगा."

बाईंनी नळ बंद केला. "नाव वल्हवायला माणूस हवाय. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक नाव लागते, नियम आहे. माझा भाऊ येणार होता. तो म्हणतो, या वयात हे चाळे मला लोकांत दाखवायचे नाहीत." त्या थांबल्या. "पण तुम्हाला पाण्याची भीती."

"पाण्यात," भाई म्हणाले. "पाण्यावर बसून कुठं पाहिलंय अजून."

हे ते का बोलले, त्यांना कळलं नाही. पण बोलून गेले, आणि पुढच्या रविवारी तलावावर हजर झाले. तिथं नावांची देखभाल करणारा एक म्हातारा होता. त्याने भाईंना एका अरुंद नावेत बसवलं, वल्ही हातात दिली आणि काठावर बसून तंबाखू मळू लागला. नाव गोल गोल फिरू लागली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. म्हातारा ओरडला, "अहो, कुणाशी मारामारी करताय? हात सारखा ठेवा, सारखा!"

हात सारखा ठेवा! भाईंना हसूच आलं. सगळा जन्म त्यांनी दुसरं काय केलं होतं? रंग फवारायची गन पत्र्यापासून एकाच अंतरावर, एकाच वेगाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत. जरा रेंगाळलं की ओघळ, घाई केली की पत्रा उघडा राहतो. भाईंनी खांदे सैल सोडले, मनगट हलकं केलं आणि पाण्याला पत्र्यासारखं घेतलं. नाव सरळ झाली. नुसती सरळ नाही, ती चालायला लागली. दोन्ही वल्ह्यांखालून एकसारखी खळी पडत मागे जात होती. भाई ती खळी बघत राहिले.

म्हाताऱ्याने हाक मारली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. "जेवायला घरी जायचंय की नाही?" भाई चपापले. आत्ताच तर बसलो होतो! तळहातांना फोड आले होते आणि ते फुटलेही होते, पण त्याचा पत्ता नव्हता.

घरी येताना त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. हे कुणाला सांगावं असं त्यांना वाटत नव्हतं. पोहण्याच्या फेऱ्या ते चारपट करून सांगायचे. हे मात्र खिशात जपून ठेवावंसं वाटत होतं. बायकोने हात बघितले. "हे काय करून आलात?" भाईंनी सांगितलं. ती मलम लावत म्हणाली, "आणि पुन्हा जाणार?"

"उद्याच," भाई म्हणाले, आणि आपल्या आवाजातल्या घाईने स्वतःच चकित झाले. बायको मलम लावता लावता थांबली आणि त्यांच्याकडे नीट बघून पुन्हा लावू लागली. त्या रात्री तिचा अबोला सुटला.

मग ते रोज कामावरून सुटल्यावर जाऊ लागले. सुट्टीच्या दिवशी बाई पोहत आणि भाई शेजारून नाव चालवत. बाईंच्या हातापासून वल्हं नेहमी तेवढ्याच अंतरावर. कुणी बोलत नसे. भाईंना कधी कधी भीती वाटायची, आता पाण्याची नव्हे. उद्या तो म्हातारा म्हणाला की नाव मिळणार नाही, तर? पेंटिंगच्या भाईंना, ज्यांना काहीही चालायचं, आता एक गोष्ट नसली तर चालणार नव्हतं.

पोहण्याचा दिवस आला. काठावर ही गर्दी. कारखान्यातले निम्मे लोक, साहेब, भाईंची बायको, मुलगी. भोंगा वाजला आणि बाई पाण्यात शिरल्या त्या आपल्या नेहमीच्या चालीने, ना घाई ना गडबड. बाकीचे पुढे निघून गेले. मध्यावर वारा सुटला, बारीक लाटा आडव्या येऊ लागल्या. भाईंनी नाव वाऱ्याच्या बाजूला घेतली आणि बाईंना आडोसा केला. कुणी सांगितलं नव्हतं. हातांना आपसूक कळलं. पुढे गेलेल्यांपैकी दोघेतिघे दमून नावेत चढलेले दिसले. बाई चालतच होत्या. पलीकडचा काठ जवळ आला, मुंग्यांची माणसं झाली, माणसांना चेहरे फुटले. बाईंनी काठाच्या दगडाला हात लावला.

भाईंच्या गळ्यातून हुंदकाच फुटला. "बाई! झालं! झालं हो! या वर!"

लोक हात द्यायला वाकले होते. बाईंनी पोहायचा चष्मा कपाळावर केला, दोन घोट पाणी मागून घेतलं, बाटली परत दिली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"भाई, नाव वळवा."

"कशाला?"

"मला जाऊन यायचंय."

भाईंची बोबडी वळली. "जाऊन... परत? पोहत?"

"माझं पहिल्यापासून तेच होतं. पार करायचं मॅडमना सांगितलं. परत यायचं कुणालाच सांगितलं नाही, सांगितलं असतं तर वेडी म्हटलं असतं." त्या पाण्यात उभ्या उभ्या धापा टाकत होत्या. "तुम्ही दमला असाल तर राहू द्या. नावेशिवाय ते सोडणार नाहीत मला."

काठावरचा माणूस कर्ण्यातून ओरडत होता, "बाई, कार्यक्रम इथं संपतो! वर या!" भाईंनी आलेल्या वाटेकडे पाहिलं. आता वारा फिरून तोंडावर आला होता. आपला काठ दिसतही नव्हता नीट. दंड आत्ताच भरून आले होते. कुणीही शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. भाईंनी डावं वल्हं रोखलं, उजवं ओढलं, आणि नाव वळली.

परतीचं पाणी संपता संपेना. मध्ये एकदा बाई उताण्या होऊन नुसत्या तरंगत राहिल्या आणि भाईंच्या काळजात धस्स झालं. "धरू का?" त्यांनी विचारलं. नावेला हात लागला की सगळं फुकट जाणार होतं. बाईंनी मान हलवली. भाईंनी नाव जागच्या जागी धरून ठेवली, वारा तिला रेटत होता आणि ते तिला रेटत होते. कितीतरी वेळाने बाई पुन्हा पालथ्या झाल्या.

काठाला लागले तेव्हा खुर्च्या उचलून झाल्या होत्या. साहेब होते, पॅकिंगच्या बायका होत्या, म्हातारा होता, आणि त्या सगळ्यांच्या पुढे गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या भाईंची बायको आणि मुलगी. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते, भूत पाहिल्यासारखे. बाई हातापायांवर रांगत बाहेर आल्या आणि वाळूतच बसल्या. बायकोने त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला.

भाईंना नावेतून उतरायचं होतं, पण हात वल्ह्यांवरून सुटेनात. बोटं आखडून तशीच राहिली होती. मुलगी नावेत चढली, समोर बसली आणि त्यांचं एकेक बोट सोडवू लागली. आधी करंगळी. मग पुढचं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"खूप," भाई म्हणाले. त्यांच्या तोंडावरचं हसू काही केल्या जाईना.

वाळूतून बाईंचा आवाज आला, दात वाजत असल्यामुळे तुटक तुटक. "भाई... येताना... तीनदा वल्हं माझ्या डोक्यात बसता बसता राहिलं."

"दोनदा," भाई म्हणाले.

"तीनदा. रविवारी या. शिकवते अंतर ठेवायला."

भाई गेलेही. त्या रविवारी गेले आणि पुढच्याही. बाई त्यानंतर काही महिन्यांनी पोहणं कमी करून तलावावर मुलींना शिकवू लागल्या. भाई अजून जातात. बुडणाऱ्यांसाठी तिथं एक नाव ठेवलेली असते, तिच्यावर सुट्टीच्या दिवशी त्यांचीच पाळी असते. त्यांना अजूनही पोहता येत नाही, म्हणून म्हातारा त्यांना तरंगायचं जाकीट घातल्याशिवाय सोडत नाही. मुलगी कधी कधी पुढच्या फळीवर येऊन बसते. ती बोलते, भाई वल्हवत ऐकतात. बरंच बोलते ती आता.